बाबांच्या शंभर शब्दांची यादी

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी साडेदहा. भंडाऱ्याच्या घरची पुढची खोली. हजर: बाबा (खुर्चीत), आई (बसली कमी, उठली जास्त), सिहोऱ्याहून आलेली आत्या, तुमसरला राईस मिलमध्ये असलेला धाकटा भाऊ आणि मी. भाऊ अकराला उगवला, पण हजेरीत धरला.

विषय एकच होता. पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हातही बराचसा सुधारला, वाचा मात्र परतली नाही. त्यांना समजतं सगळं. बोलायला जातात तेव्हा शब्द येत नाही, आणि आला तर भलताच येतो. नागपूरला स्पीच थेरपीच्या मॅडमकडे आम्ही त्यांना नेतो. मॅडमकडे चित्रांची कार्डं आहेत. खाली छापलेलं असतं: मेज, आगगाडी, न्याहारी. बाबा कार्ड बघतात आणि डाव्या हातानं सरकवून देतात.

"हे त्यांचे शब्दच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "घरून त्यांचे शंभर शब्द लिहून आणा. रोजच्या बोलण्यातले. प्रत्येकापुढे त्यांना त्यातून काय म्हणायचं असायचं तेही लिहा. आणि रोज एक ठरावीक तास बसवा. पुढच्या भेटीपर्यंत ते बसायलाच तयार झाले नाहीत, तर मला त्यांची वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

पुढची भेट एक डिसेंबरला. म्हणजे पंधरा दिवस. मी एका महाविद्यालयात हेडक्लार्क आहे, पंधरा दिवसांत मी परीक्षेची बैठकव्यवस्था लावते. शंभर शब्दांचं काय एवढं, असं मला वाटलं. मी वहीत तीन रकाने आखले: शब्द, बाबांचा अर्थ, मूळ. तिसरा रकाना मॅडमनी मागितला नव्हता. आमच्या ग्रंथालयात शब्दांची व्युत्पत्ती देणारा एक जाडजूड इंग्रजी कोश आहे, वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नाही. मूळ कळलं तर अर्थ नेमका लिहिता येईल, अशी माझी समजूत. अर्धे शब्द इंग्रजी निघणार हे मला आधीच ठाऊक होतं. आत्याला नव्हतं.

"त्याच्यात इंग्रजी कायले लिवून राहिली?" ती म्हणाली. "माया भाऊ आपली भाषा बोलत होता."

"आत्या, तू बोल. तू काल काय केलंस ते सांग."

"काल काय, लाईन गेल्ती. मोटर चालली नाई. जिवाले निस्तं टेन्शन."

मी तीन शब्दांखाली रेघ ओढून वही तिच्यापुढे धरली. तिनं ती परत ढकलली. "हे काय इंग्रजी होय? हे तर आमच्या सिहोऱ्यातलं हाय."

खरं तर तिचंच बरोबर होतं, पण ते मला नंतर कळलं. कोशात पाहिलं तर लाईन म्हणजे मुळात जवसाच्या वाखाचा दोरा. तो ताणून धरला की सरळ रेघ. रेघेची झाली रांग, रांगेची आगगाडीची वाट, वाटेची विजेची तार, आणि आमच्याकडे ती तारही गळून पडली, उरली नुसती वीज. हे मी आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग? जवस तर मी धानाच्या बांधीत दरसाल फेकत असतो. लाईन माया वावरातली हाय त!" टेन्शन म्हणजेही ताणणंच. ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

'क्वार्टर'वर पंधरा मिनिटं गेली. मी लिहिलं: फॅक्टरीनं राहायला दिलेलं घर. आम्ही दोघं भावंडं जवाहरनगरला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, यात वाद काय? पण आत्याच्या गावी क्वाटर बाटलीतून येते, आणि भावाला या विषयावर हसू आवरत नाही.

"बाबा पीत नव्हते," मी म्हटलं.

"मंग घरच लिही. पन मॅडमनं चित्र बाटलीचं दाखवलं त बाबा गडबडतीन, एवढंच म्हंतो मी," भाऊ म्हणाला.

खुर्चीतून बाबांचा आवाज आला. हसल्यासारखा होता. आईनं त्यांच्या हनुवटीवरून पदर फिरवला आणि पुन्हा आत गेली, कारण कुकर.

तीन तासांत एकाहत्तर शब्द झाले. डबल, नंबर, मस्टर, पास, जनरल, पावर. 'डबल'च्या अर्थावर मी आणि भावानं सह्या केल्या: दुसरी शिफ्टही करून बाबा उशिरा येणार, दार आतून लावायचं नाही. 'पावर' आत्याच्या मते खताचा, भावाच्या मते माणसाचा, आईच्या मते चष्म्याचा. चष्म्याचाच लिहिला. मग कोणालाच पुढचा शब्द सुचेना. मी वही पुन्हा वरून खाली वाचली, आणि माझ्या लक्षात आलं की हे सगळे घरापर्यंत पोचलेले शब्द आहेत. बाबा चौतीस वर्षं दिवसातले आठ तास ज्या जागी होते, तिथल्या कामाचा एकही शब्द यादीत नव्हता.

"फॅक्टरीतले सांगा," मी म्हटलं.

भावानं आईकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे.

"मले काय माहीत?" ती म्हणाली. "कधी सांगितलं का त्यायनं?"

सांगितलं नव्हतंच. आमच्या कॉलनीत तो रिवाजच होता. बाप सकाळी बसमध्ये चढे, काडीपेटी आणि विडी गेटवर ठेवे आणि त्यांच्याबरोबर आतलं बोलणंही तिथंच राही. घरी येऊन ते वांग्यांना पाणी घालत, शेजाऱ्यांच्या भांडणात बोलत, आमच्या वह्या बघत. आत काय करता, असं विचारलं की "काम" एवढंच उत्तर. चौथीत 'माझ्या वडिलांचे काम' असा निबंध होता. अख्ख्या वर्गानं एकच वाक्य लिहिलं: माझे वडील फॅक्टरीत काम करतात. बाईंचे यजमानही आतच होते. त्यांनी सगळ्यांना सारखे गुण दिले आणि पुढचा विषय घेतला.

तेव्हा मला याचं काही वाटलं नव्हतं. आता एकोणतीस कोऱ्या ओळींसमोर बसून मला त्या रिवाजाचा मनापासून संताप आला.

दुसरी कटकट दोन वाजताची होती, आणि ती त्या दिवशी सगळ्यांसमोर झाली. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं आहे. सातला बीपी, साडेसातला गोळी, आठला मालीश, असं करत एक वाजता बाबांचं जेवण आणि दोन वाजता बोलण्याचा व्यायाम. दोनची वेळ मी मुद्दाम निवडली, कारण तोवर आई मोकळी होते. पण दोन वाजले की बाबा बिघडतात. मॅडमनी सरावाला दिलेली कार्डं खाली पाडतात. आईचं मनगट धरतात, घड्याळाकडे बोट करतात, तोंडातून "र… र…" असं काहीतरी काढतात आणि आईला जागचं हलू देत नाहीत. तीनपर्यंत हेच. त्या रविवारीही हेच झालं. भाऊ म्हणाला, "त्यायले नाई आवडत त राहू दे ना, ताई." मी म्हटलं, "आणि एक तारखेला मॅडमना काय सांगू? नाही आवडलं?" तो तीनच्या गाडीनं तुमसरला गेला.

सोमवारी मी बाबांच्या जोडीदाराला फोन लावला. जोडीदार म्हणजे त्यांच्याच सेक्शनमधले काका. दोघं मागेपुढे निवृत्त झाले. काका अजून जवाहरनगरजवळच्या गावात राहतात. मला एकोणतीस शब्द कशासाठी हवेत ते मी त्यांना समजावून सांगितलं.

"वहिनीच्या हातचा चहा प्याले येतो बुधवारी," काका म्हणाले. "पन ते नाई सांगत, पोरी."

"काका, मला मशीनचं गुपित नको आहे. बाबा मशीनला काय म्हणायचे एवढंच."

"येतो ना बुधवारी."

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काका पावणेदोनला आले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून "काय भाऊ, मजेत?" म्हणाले आणि समोर बसले. मी वही उघडली.

"मशीनला काय म्हणायचे, काका?"

"मशीन."

"हत्यारांना?"

"हत्यार."

"तुम्ही बसायचे त्या जागेला?"

"सेक्शन."

"सेक्शनचं नाव?"

"वहिनी, चहात साखर जराशी कमी झाली बरं."

मी मॅडमच्या कार्डांचा गठ्ठा पुढे केला. म्हटलं, यातलं ओळखीचं काही आहे का बघा. 'मॅगझिन' नावाचं एक कार्ड होतं, चित्र रंगीत मासिकाचं. काका ते हातात घेऊन खोकला लागेपर्यंत हसले. बाबाही हसले, आणि झटक्यानंतर इतकं मोकळं मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. आमच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं की मॅगझिन म्हणजे लांबवरचं कोठार, तिकडे फिरकायचं नाही. कोश म्हणतो कॉलनीच खरी: मूळ अरबी शब्द, अर्थ कोठार. मग दारूगोळ्याचं कोठार, मग माहितीचं कोठार म्हणून मासिक. मॅडमच्या कार्डावर सगळ्यात धाकटा अर्थ छापला होता. मी बहात्तरावा शब्द लिहिला आणि विचारलं, "पुढचा?"

"याच्यापुढं नाई," काका म्हणाले. त्यांनी तोंड असं बंद केलं की मला वही त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. माणूस समोर बसून मुका झाला आहे, याच्याकडे त्याचे शब्द आहेत, आणि हा गेटवरच्या नियमाला चिकटून बसला आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी!

तेवढ्यात दोन वाजले. बाबांनी आईचं मनगट धरलं. घड्याळाकडे बोट. "र… र…" आई काकांसमोर अवघडली. "असंच करून राहिले रोज," ती म्हणाली. मी कार्डं उचलली आणि समोर स्टूल ओढलं.

काकांनी बशी खाली ठेवली, उठले आणि बाबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. ताठ, हात बाजूला. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बाकी?"

बाबांचा हात सुटला. त्यांनी काकांकडे वर पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"जेवण," बाबा म्हणाले. मग आईकडे बोट करून, "हिचं. हिचं जेवण बाकी."

"और?"

"और… सब जगा पे."

"चार्ज लिया," काका म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीला हात लावला. बाबांनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले. पाच महिन्यांतलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

आई तशीच उभी होती. मग ती आत गेली आणि थोड्या वेळानं ताटलीचा आवाज आला.

काका पुन्हा बसले. हे सांगायला त्यांना हरकत नव्हती, हे सगळीकडेच असतं म्हणे. दोन वाजता शिफ्ट बदले. जाणारा माणूस रिलीवर, म्हणजे त्याच्या जागी येणारा, आल्याशिवाय जागेवरून उठत नसे, बस सुटली तरी नाही. बाबांचं "र… र…" ते हेच. रिलीवर डाव्या बाजूला उभा राही आणि विचारी, बाकी? जाणाऱ्यानं काय राहिलं ते सांगायचं.

"झालेलं कोनी इचारत नाई," काका म्हणाले. "रायलेलं सांगा लागते. मंग चार्ज. मंग त्यानं उठावं. तुमी काय करून राहिल्या, ठीक दोन वाजता त्याच्यापुढं येऊन नवीन काम ठेवून राहिल्या. बाकी त इचारलंच नाई."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू मशीनचं नाव इचारत होती ना!"

मी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. दिवसाच्या चौदा ओळी. त्यातल्या अकरा ओळींत आईचं नाव. बाबांचं जेवण एकला, व्यायाम दोनला. आईच्या जेवणाची ओळ नव्हती. सकाळी नऊपासून तीनपर्यंत कुठेच नव्हती. म्हणजे गेले दोन महिने ती तीननंतर ओट्यापाशी उभ्यानं काहीतरी तोंडात टाकत होती, आणि हे घरात एकाच माणसाला दिसत होतं, ज्याला सांगता येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं काहून नाई?" आई घास न थांबवता म्हणाली. "तुयं टाईमटेबल भिंतीवर. मी काय पेन घेऊन त्याच्यात चढू?"

मी बाहेर येऊन वेळापत्रकात एक ते दोनच्या मध्ये ओळ घुसवली. जागा नव्हती, अक्षर वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कोश काढला. शिफ्ट: मूळ अर्थ वाटणी करणं, ज्याचा त्याला वाटा देणं. चार्ज: गाडीवर ओझं लादणं. रिलीव: उचलून हलकं करणं. म्हणजे एकाच क्षणी एकाचं ओझं उतरतं आणि दुसऱ्यावर चढतं, आणि त्यासाठी फॅक्टरीनं दोन्ही शब्द शेजारी ठेवले होते. चिडून मी 'लिस्ट'ही पाहिला. काठ, किनार, कापडाची अरुंद पट्टी. मी इतकी वर्षं काठच मोजत बसले होते. कोशाला सगळं माहीत असतं, वेळेवर तेवढं सांगत नाही.

त्या गुरुवारी मी दीड वाजता घरी आले. आई जेवायला बसली आहे हे डोळ्यांनी पाहिलं. दोन वाजता बाबांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान हलवली. नाही. डावीकडे बोट केलं. मी उजव्या बाजूला उभी होते. बाजू बदलली.

"बाकी?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "गॅस," ते म्हणाले.

आई उष्ट्या हातानं धावली. दूध पातेल्याच्या काठाशी आलं होतं.

"और?"

"सब जगा पे."

"चार्ज लिया." आणि त्यानंतर त्यांनी अकरा कार्डं केली. पाचांवर शब्द आला. सहाव्यावर शिवी आली, ती मी यादीत घेतली नाही, आत्याला विचारून ठरवीन.

आता प्रश्न माणसांचा. वेळापत्रकाखाली मी सात वारांचे सात चौकोन आखले. माझं ऑफिस सोमवार ते शनिवार. काकांनी मंगळवार आणि शुक्रवार घेतले, ते सुद्धा "चहात साखर नीट टाका" या अटीवर. बुधवारी आणि गुरुवारी मी अर्धी रजा टाकते, साहेबांचं तोंड वाकडं होतं, होऊ दे. शनिवार आत्याचा, धान चुरून, म्हणजे मळून झाल्यावर. तोवर शनिवारही मीच. भावाला फोन केला.

"ताई, नवा धान उतरून राहिला. मिलमध्ये पाय ठेवाले जागा नाई. डिसेंबरात पाह्यतो."

"डिसेंबरच्या एक तारखेला भेट आहे."

"मंग रविवार लिही माया नावानं," तो म्हणाला. "पेन्सिलनं."

आज तो रविवार, २३ नोव्हेंबर. भाऊ दोन वाजून वीस मिनिटांनी आला. मी मध्ये उभं राहायला गेले तर बाबांनी मला हातानं बाजूला केलं. वेळापत्रकावर भावाचं नाव होतं, त्यामुळे ते त्याचीच वाट बघत बसले, ताठ, घड्याळासमोर. तो घाईघाईत डाव्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "बाकी?"

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लेट," ते म्हणाले.

आई हसली. भावानं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिकवून ठेवलं होतं. कोशानुसार लेटचा जुना अर्थ सुस्त, रेंगाळणारा. दुसऱ्या रकान्यात मी बाबांचा अर्थ म्हणून भावाचं नाव लिहिणार होते, पण त्याच वेळी तो कार्डं घेऊन खाली मांडी घालून बसला आणि चांगला पाऊण तास बसला. जाताना त्यानं पेन्सिलीवर शाई फिरवली. नाव ठळक झालं.

यादीत सत्त्याहत्तर शब्द झाले. तेवीस ओळी कोऱ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच काकांच्या तोंडात आहेत आणि तिथंच राहतील असं दिसतं. पण झालेलं सांगायचं नसतं.

बाकी: सोमवार. दुपारी दोन ते तीन. मी ऑफिसात, भाऊ मिलमध्ये, आत्या शेतात, काकांचा दिवस मंगळवार. शेजारच्या निवृत्त मास्तरणीला दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा आधी झोपेची वेळ सांगितली, मग विचार करते म्हणाली. उद्या सोमवार आहे, आणि त्या चौकोनात अजून कोणाचं नाव नाही.